झटकमामा

आमच्या टी. नगरच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी फाटकातच अडवलं जाई. मामा धोतर सावरत धावत येत आणि "या, बसा" म्हणायच्या आधी म्हणत, "झटका!" मग आलेला माणूस, तो त्यांच्या कचेरीतला साहेब का असेना, मुकाट्याने धोतराचा सोगा नाहीतर पँट झटकू लागे. गळालेली कुसळं मामा कागदात गोळा करत आणि न्हाणीघरातल्या चुलीत घालत. अंगणातल्या एवढ्याशा हिरवळीत तणाचं बी शिरू नये म्हणून हा सगळा थाट! गल्लीतली पोरं त्यांना झटकमामा म्हणत, आणि त्यांना ते आवडेही.

"उगवल्यावर कोणीही उपटील गे," ते आमच्या तंजावरी मराठीत म्हणत. "उगवूंच द्यायचें नाही, तें खरें काम." शेणखतसुद्धा पुरतं कुजल्याशिवाय हिरवळीला लागत नसे. आतलं बी मरायला हवं ना!

आई गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं. मायेचं बोलणं म्हणाल तर नावाला नाही. विचारपूस "जेवलीस?"वर संपायची. पण माझ्या परकराला कुसळं चिकटलेली दिसली की मला पायरीवर बसवत, स्वतः खाली बसत आणि एकेक वेचून काढत. तेवढ्या वेळात मात्र बोलत. मान खाली, नजर परकराच्या काठावर. त्यामुळे मलाही सगळं सांगता येई.

लग्न होऊन मी त्याच शहरात, पुरसवाक्कमला गेले. माहेरी येताना बसमधून उतरले की चांगला रस्ता सोडून मी मुद्दाम रिकाम्या प्लॉटातल्या गवतातून चालत येई. साडीचा काठ कुसळांनी भरून जाई. "अय्यो, बघून चालावें की नाही!" मामा कुरकुरत आणि खाली बसत. मला वाटे, बिचाऱ्यांना काय कळतंय!

एकदा असंच वेचता वेचता म्हणाले, "हल्ली शाळेचें नांव काढत नाहीस. नोकरी सोडायला सांगतात काय?" मी हे कोणालाच बोलले नव्हते. सासूबाईंनीही अजून स्पष्ट म्हटलं नव्हतं, नुसते टोमणे चालले होते. मला रडूच फुटलं. रविवारी बघते तर मामा आमच्या दारात उभे, धोतर झटकत! सासूबाईंशी तासभर काय बोलले देव जाणे, पण टोमणे थांबले आणि माझी शिकवण्याची नोकरी राहिली. मामा नसते तर मी आयुष्यभर मनातल्या मनात कुढत बसले असते.

त्यांच्या शेवटच्या आजारात निरोप आला, तशी मी शाळेतूनच टॅक्सी करून धावले. फाटकात कोणी अडवलं नाही. मी खाटेशी बसले. त्यांना आता दिसत नव्हतं. त्यांचा हात चाचपडत माझ्या साडीपाशी आला आणि काठावरून हळूहळू फिरत राहिला. काठाला काहीच नव्हतं.

"आज गवतांतून नाही आलीस गे?" मामा म्हणाले.