मागे बसणाऱ्याचा नंबर आधी

मी आणि माझा दोस्त कामावर लागलो त्या दिवशी गाडी त्याची होती. म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची जुनी मोटारसायकल, पण चालवत तो होता आणि मी मागे, दोघांच्या सर्टिफिकेटांची पिशवी पोटाशी धरून. मुरगूडकडच्या आमच्या गावातून अंधारातच निघालो होतो. एमआयडीसीतल्या फौंड्रीच्या गेटवर वॉचमननं आम्हाला अडवलं. नव्या पोरांनी गाड्या आत आणायच्या नाहीत, वजनकाट्याच्या पलीकडे लावायच्या, असं तो खेकसला. दोस्त मला म्हणाला, "तू व्हो म्होरं. मी गाडी लावून आलो."

मी पुढे झालो. टाइम ऑफिसच्या खिडकीत कारकुनानं रजिस्टर माझ्याकडे सारलं, मी सही केली आणि त्यानं माझ्या हातावर नंबराचा पितळी बिल्ला ठेवला. दोस्त धापा टाकत आला तेव्हा मी तो बिल्ला शर्टाला पुसून बघत होतो. त्याला माझ्यानंतरचा नंबर मिळाला. मी थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण त्यात थांबण्यासारखं काही आहे, हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात येण्याचं कारण नव्हतं.

पुढे कित्येक वर्षं ती आमच्यातली थट्टाच होती. कॅन्टीनमध्ये वाढणाऱ्याला तो मोठ्यानं सांगायचा, "आधी आमच्या सीनियरला वाढा, मग आम्हास्नी." मीही मान ताठ करून ताट पुढे करायचो. सगळे हसायचे. मी सर्वांत जास्त हसायचो.

फौंड्रीत आम्ही दोघं मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे बनवायच्या खात्यात. तीन शिफ्ट, दर आठवड्याला बदलणाऱ्या. एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक नाईट. दोघांची शिफ्ट एकच लावून घेतली होती, कारण गाडी एक. पुढे कसबा बावड्यात एकाच गल्लीत घरं घेतली, लग्नं झाली, पोरंबाळं झाली, तरी चालवणार तो आणि मागे बसणार मी, हे बदललं नाही. मला गाडी येत नव्हती असं नाही. बसायची सवय लागली होती.

मग त्याची बायको गेली. कावीळ झाली आणि पंधरवड्यात सगळं आटोपलं. मागे तो आणि एक पोरगी. सुरुवातीला नाईटच्या आठवड्यात शेजारची म्हातारी पोरीसोबत झोपायला यायची. नंतर तिला तिच्या मुलानं पुण्याला नेलं. पोरगी तोवर दहावीला आली होती. नाईटला निघताना तो तिला आतून कडी लावायला सांगायचा, बाहेरून दार ढकलून बघायचा, गाडीपर्यंत यायचा, आणि परत जाऊन पुन्हा ढकलून बघायचा. मी गाडीपाशी उभा राहून हे बघायचो. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी त्याचा फोन असायचा. पोरगी झोपेतून उठून सांगायची, "झोपलेय की पप्पा. तुम्हीच उठवताय." ते मला त्याच्या फोनमधून ऐकू यायचं. तेव्हा या माणसाला काय हवं आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं मी कुणालाच सांगू शकत नाही. स्वतःला तर नाहीच.

अशात स्टोअरमधला एक माणूस रिटायर झाला. स्टोअर म्हणजे जनरल शिफ्ट. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी, नाईट कायमची बंद. कंपनी आणि युनियनच्या करारात लिहिलेलं होतं की अशी जागा सर्वांत सीनियर कामगाराला द्यायची. पण आमची अख्खी बॅच एकाच दिवशी लागलेली, आणि आमच्या आधीचे सगळे एव्हाना घरी बसलेले. एकाच तारखेचे दोन सीनियर असतील तर काय, हे करारात कुठंच नव्हतं. बॅचमधल्या बाकीच्यांना स्टोअरचा पगार नको होता, कारण नाईटचा भत्ता जातो. अर्ज आले दोनच. एक त्याचा आणि एक माझा.

मी अर्ज का केला? मला नाईट नकोशी झाली होती. दिवसा झोप लागत नव्हती, बीपीची गोळी सुरू झाली होती, आणि संध्याकाळी घरी बसून चहा प्यावा असं वाटत होतं. एवढंच. घरात बायको, दोन मुलं, सगळं जागच्या जागी. यापेक्षा मोठं कारण मी नंतर पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

युनियनच्या खोलीत मीटिंग झाली. आमचे अध्यक्ष म्हणजे भट्टीपाशी आयुष्य काढून रिटायर झालेला, कानानं जरा कमी आणि म्हणून आवाजानं जास्त माणूस. त्यांनी आधीच बजावलं, "ह्या दोघांपुरतं बोलायचं न्हाय. कायमचा नियम करायचा. आणि कुणाच्या घरचं काढायचं न्हाय. आज ह्याची पोरगी काढली, तर उद्या कोण आजारी बाप काढंल, परवा कोण म्हशी काढंल." दोस्त खाली मान घालून बसला होता. तो पोरीचं काही काढणारच नव्हता.

कुणीतरी म्हणालं, वयानं मोठा तो सीनियर. हे ऐकायला चांगलं वाटलं, पण जन्मतारखा बघायला घेतल्या तर अर्धी बॅच एक जूनला जन्मलेली. गावाकडच्या शाळेत गुरुजींनी नाव घालताना सगळ्यांना तीच तारीख दिली होती. मी आणि दोस्त तर एकाच शाळेतले, एकाच वर्षीचे. खोलीत हशा पिकला. मग एकानं आडनावाच्या पहिल्या अक्षराचं काढलं. त्यावर मागून आवाज आला, "म्हंजे आमच्या बापानं आडनाव बदलून घ्यायचं व्हय?" तेही बारगळलं. शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरत आलं. अध्यक्षांना ते पटलं होतं. दोस्तानं मान वर केली आणि म्हणाला, "चालतंय की. माझी काय तक्रार न्हाय."

तेव्हा मी उठलो. युनियनच्या कमिटीत होतो, बोलायचा मला हक्क होता. मी म्हणालो, "चिठ्ठीवर गेलो तर जो हरंल तो म्हणणार चिठ्ठी दुमडलेली होती, उचलणारा त्यांचाच होता. जन्माची भांडणं लागतील. बिल्ल्याचा नंबर काय वाईट हाय? कंपनीनं दिलाय, कुणाला बदलता येत न्हाय, सगळ्यास्नी आधीपासून ठावं हाय. ज्याचा नंबर आधी, तो सीनियर."

यातला शब्द न् शब्द बरोबर होता. आजही नव्या कमिटीनं विचारलं तर मी हेच सांगेन, की दोघं सारखे असतील तर आधीच ठरलेली, हलवता न येणारी खूण धरा. फक्त त्या दिवशी ते माझ्या तोंडून यायला नको होतं. कमिटीतून उठून बाहेर व्हरांड्यात उभा राहिलो असतो, तरी पुरलं असतं.

अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हणत्यात डोकं," ते म्हणाले. आमच्या दोघांचे बिल्ले कसे वाटले गेले, वजनकाट्यापलीकडे गाडी लावायला कोण गेलं होतं, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. तो बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. आता वाटतं, तोही मी बोलेन म्हणून थांबला असेल. मग हात वर करायला सांगितलं. सगळ्यांचे हात वर गेले, त्याचाही गेला.

परत जाताना नेहमीसारखा तो पुढे, मी मागे. पंचगंगेच्या पुलावर वारा होता, काही बोलायची सोय नव्हती, त्याचं मला बरं वाटलं. गल्लीत मला उतरवताना तो म्हणाला, "नियम म्हणून बरोबरच हाय गड्या. बेस बोललास." त्यानं टोमणा मारला असता तर मी भांडलो असतो. भांडायची मी तयारीही करून ठेवली होती.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग त्यास्नीच दिऊन टाका की ती जागा. पोरगी एकटी असती." मी म्हणालो, अध्यक्षांना विचारतो. आणि खरंच विचारलं. पण मी अशा माणसाला विचारलं, ज्याचं उत्तर मला आधीच ठाऊक होतं. अध्यक्ष खवळले. "सीनियॉरिटी सोडायची न्हाय. पायंडा पडतोय. आज तू मनानं सोडलीस, उद्या मॅनेजर एकेकाला केबिनात बोलवून सोडाय लावंल." हेही बरोबरच होतं. माझ्या बाजूनं इतकं सगळं बरोबर आयुष्यात कधी आलं नव्हतं. बायकोला सांगितलं, युनियन सोडू देत नाही. ती म्हणाली, "युनियन तुमचीच हाय न्हवं?" आणि तवा उतरवला.

मी स्टोअरला लागलो. वेळा बदलल्या तशी स्कूटर घेतली. पहिले काही दिवस गेटवर तो मला भेटायचा. तो नाईट करून बाहेर पडत असायचा, अंगभर काळी वाळू, आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून आत जात असायचो. तो हात वर करून म्हणायचा, "काय सीनियर!" अगदी पूर्वीसारखं. मी हसायचो, पण मला शरम वाटायची. घरी येऊन मी सहासात तास सलग झोपायचो. झोप लागते याचाही राग यायचा.

महिनाभरानं एका रविवारी तो घरी आला. चप्पल दारात काढून, परक्यासारखा खुर्चीच्या कडेवर टेकला. मला वाटलं, आता तो बिल्ल्याचं काढतो. तो बायकोकडे बघत म्हणाला, "वैनी, एक इचारायचं हुतं. आता ह्यो रातचा घरात असतोय. माझ्या नाईटच्या आठवड्याला पोरगी तुमच्यात झोपाय आली तर चालंल का?"

बायको म्हणाली, "इचारताय काय? तिचंच घर हाय." चहा आला, त्यानं बशीत ओतून प्यायला, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं झालं बघ तुलाच मिळाली ते." तो हे मनापासून म्हणाला. मी त्याला एवढा ओळखतो.

तेव्हापासून दर तिसऱ्या आठवड्याला ती येते. दप्तर, रात्रीचे कपडे, कंपासपेटी. आमच्या हॉलमध्ये फरशीवर भूमितीच्या आकृत्या काढत बसते. एकदा वहीतून डोकं न काढता म्हणाली, "काका, तुम्हाला डे मिळाली ते लई चांगलं झालं. आता पप्पा रात्री फोन करून उठवत न्हाईत." मी उठून बाहेर गेलो आणि उगाच स्कूटर पुसत बसलो. बाप घरी असता तर तिला दुसऱ्याच्या फरशीवर बसावं लागलं नसतं, हे तिला सांगणार तरी कसं?

गेल्या आठवड्यात तिन्हीसांजेला मी दारात उभा होतो. गल्लीत कुणाच्या तरी लग्नाचा मांडव घातलेला, म्हणून आमच्या दारात गाडी लावायला जागा नव्हती. दोस्तानं पोरीला फाटकापाशी उतरवलं आणि म्हणाला, "तू व्हो म्होरं. मी गाडी लावून आलो." आणि गाडी वळवून मांडवाच्या पलीकडे गेला.

पोरगी फाटकातच उभी राहिली. दप्तर जड होतं, ती ते या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होती. मी म्हणालो, "आत ये की, हितं का उभी?"

ती म्हणाली, "थांबा की काका. पप्पा गाडी लावाय गेल्यात."