भिकाकाकूच्या हातची मिसरी

कुरुंद्यात भिकाकाकू रस्त्यानं येताना दिसली की पारावरच्या पुरुषांच्या मुठी मिटतात. तंबाखू मळत बसलेला माणूस तिचा सख्खा पुतण्या असो की गावचा पुढारी, चटकन हात मागं घेतो. नाही घेतला तर काकू सरळ त्याच्या तळहातावर चापट मारते आणि चुन्यासकट सगळं मातीत जातं. वर शिव्या बसतात त्या वेगळ्याच. हळदीच्या हंगामात ती बायकांची टोळी घेऊन कामाला जाते, तेव्हा हळद शिजवणाऱ्या गड्यांनाही आधी खिसे उलटे करून दाखवावे लागतात.

तिला तो हक्क आहे असं गाव मानतं. तिचे मालक किशनराव तोंडाच्या कॅन्सरनं गेले. शेवटी त्यांना पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं, काकू कापसाच्या बोळ्यानं त्यांचे ओठ ओले करायची. तिच्या आणि माझ्या घराची भिंत एकच, त्यामुळं ते कण्हणं मी रात्रंदिवस ऐकलंय. ते गेल्यापासून तंबाखू म्हटलं की काकूच्या डोळ्यांत अंगार येतो.

आणि याच काकूच्या हातची मिसरी आमच्या आळीत सगळ्यात चांगली. तव्यावर तंबाखूची पानं टाकायची, पार काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, वस्त्रगाळ करायची. सकाळी उठल्यावर दाताला, जेवण झाल्यावर दाताला, दुपारी डोकं धरलं की पुन्हा दाताला. आम्ही सगळ्याच लावतो. मीही लावते. कुणाच्या पोरीची दाढ ठणकली की आई तिला काकूकडंच नेणार. आता हे वाचून तुम्ही कपाळावर हात मारून घ्याल. मारा. पण आमच्यात एक समज पक्का आहे की भाजल्यावर तंबाखूतलं वीख जळून जातं, उरतं ते औषध. तंबाखू खातात ती पुरुषांची जात. बायका फक्त दात घासतात.

फेब्रुवारीत वसमतला कॅन्सर संशोधनासाठी पदयात्रा निघणार होती. गावोगावच्या बचत गटांना निरोप आले. आमच्या गटाची सचिव मी, शिवणकामाचं दुकान सांभाळून जमेल तेवढं करते. काकूचं नाव मी न विचारताच दिलं. तिनं तर आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला दिलेल्या लेकीलाही, पुनमलाही बोलावून घेतलं. बापाच्या नावानं चालायचं, तर लेक पाहिजेच. आयोजकांनी पांढरे टी-शर्ट पाठवले होते. काकूच्या अंगात तो शिरेना, म्हणून मी त्याच्या बाजू उसवून कापड जोडून दिलं. लुगड्यावर तो घालून ती अंगणात उभी राहिली तेव्हा पुनम हसून हसून खाली बसली.

रविवारी पहिल्या बसनं आम्ही वसमतला पोचलो. चहा झाला. चालायला वेळ होता म्हणून मांडवाच्या कडेला टेकलो, आणि काकूनं कनवटीची मिसरीची डबी काढली. एकीनं चिमूट घेतली, दुसरीनं घेतली, पुनमनं घेतली, मीही घेतली. सगळ्यांच्या छातीवर ‘तंबाखू सोडा’ असं लाल अक्षरांत लिहिलेलं. त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात काही आलं नाही.

“माय, हे संशोधन म्हंजे काय करतेत गं?” पुनमनं विचारलं.

“शोधून काढतेत म्हणं, कॅन्सर कशानं होते ते.”

मग काकू स्वतःच फिसकन हसली. “त्यात काय शोधायचंय? इतके शिकलेले लोक, मला इचारा म्हणावं.”

चालताना ती सगळ्यांच्या पुढं. फलकाची एक काठी तिच्या हातात, दुसरी पुनमच्या. रस्त्याकडेच्या टपरीवर कुणी पुडी फोडताना दिसला की काकू फलक सोडून त्याच्याकडं धावायची आणि पुनम तिला ओढून आणायची. कॉलेजची पोरं टाळ्या वाजवत होती. एका कार्यकर्त्यानं येऊन सांगितलं की शेवटी स्टेजवर काकूचा सत्कार करायचाय. काकू लाजली. मी तिला लाजताना पहिल्यांदाच पाहिलं.

मैदानावर पोचलो तर एका बाजूला तोंड तपासणीचं टेबल. तिथं डॉक्टर उमैमा बसल्या होत्या, वसमतच्याच, वयानं पुनमएवढ्याच. फुकट आहे तर दाखवून घेऊ, एवढाच आमचा विचार. रांगेत पुनम पुढं, मागं काकू, तिच्या मागं मी.

डॉक्टरांनी पुनमचा गाल बाजूला ओढून बॅटरी मारली. बराच वेळ बघत राहिल्या. मग शांतपणे विचारलं, “ताई, तंबाखू खाता?”

पुनमनं तोंड उघडण्याआधी काकूच भडकली. “माझी लेक? तिनं जल्मात तंबाकूला हात लावला न्हाई! तिचा बाप त्यानंच गेला, डाक्टरीणबाई. काहून असं इचारता?”

“मावशी, गालात आतून पांढरा चट्टा आहे. जाड झालाय. या मिसरी लावतात का?”

“मिसरी लावते. मिसरी तर औषध हाय.”

डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “मावशी, मिसरी तंबाखूच आहे.”

“भाजल्यावर बी?”

“भाजल्यावर बी. जळाल्यानं उलट वाईटच होते. आत्ताच कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही. पण नांदेडला जाऊन तुकडा काढून तपासावा लागेल. याच आठवड्यात.”

माझी जीभ आपोआप गालाच्या आत फिरायला लागली. पुनम आईकडं बघत होती, जणू आई आत्ता या डॉक्टरणीला चांगली फैलावर घेईल आणि सगळं खोटं ठरेल. पुनमचं पोरगं जेमतेम चालायला लागलंय.

काकू हळूच म्हणाली, “सहावीत व्हती. दाढ दुखून रात्रभर रडली. म्या मांडीवर डोकं घेतलं आन् या बोटानं लावली. थूथू करून राहिली व्हती, नको नको म्हणत व्हती. म्या तोंड दाबून धरलं तिचं.”

“माय, गप,” पुनम म्हणाली.

“मालकाच्या हातातली पुडी फेकत व्हते मी. आन् घरात लेकराला...”

तिकडं स्टेजवरून माईकवर नाव पुकारलं गेलं. पतीच्या आठवणीत तंबाखूविरुद्ध लढणाऱ्या कुरुंद्याच्या भिकाबाई. टाळ्या सुरू झाल्या. काकू जागची हलली नाही. तिनं पुनमला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसली आणि आ केला.

“माझं बघा. पुनमपेक्षा जास्ती म्या लावली. माझ्यात असंल.”

डॉक्टरांनी बघितलं. डावा गाल, उजवा गाल, जिभेखाली, हिरड्या. माईकवर पुन्हा नाव पुकारलं. एक कार्यकर्ता आमच्याकडं धावत यायला लागला, त्याच्या हातात शाल होती.

“काही नाही, मावशी. हिरड्या खराब आहेत, बाकी तुमचं तोंड साफ आहे.”

कुणालाही हे ऐकून हायसं वाटलं असतं. काकूनं डॉक्टरांचं मनगट घट्ट धरलं आणि बॅटरी पुन्हा आपल्या तोंडाशी ओढली.

“असं कसं? तुमी नीट बघितलं न्हाई,” ती म्हणाली. “पाया पडते, बाई. पुन्यांदा बघा. माझ्यातच असंल.”