पुन्हा वर काढलेलं इंजिन

मिस्त्री आणि त्यांची बायको मिळून इंजिन उतरवतात, यात गल्लीला काही नवल उरलं नव्हतं. मिस्त्री वाकून गाडीच्या पोटात आणि बाई इंजिन उचलायच्या चेन-पुलीच्या साखळीपाशी. नव्या संसारात पगारी माणूस परवडत नव्हता म्हणून ती उभी राहिली, ती राहिलीच. "जरा", "बास", "सोड" एवढ्यावर त्यांचा अर्धा संसार झाला. उरलेल्या अर्ध्यात फार बोलणं झालं असेल असंही नाही.

आता दोघंही थकली होती. मिस्त्रींचा खांदा वर जात नव्हता, बाईचे गुडघे तिला बसू देत नव्हते. मुलाचं दर फोनला एकच टुमणं: "बाबा, गॅरेज बंद करा, इकडे या." शेवटी मिस्त्री चिडले. ही जुनी गाडी आली आहे, इंजिन उतरवून, खोलून, परत बसवून दाखवतो. चुकलो तर तू म्हणशील तसं. मुलगा लगेच हो म्हणाला. बापाचा हट्ट त्याला माहीत होता, बापाचं वयही.

उतरवताना निभावलं. बसवताना मात्र जीव मेटाकुटीला आला. टांगलेलं इंजिन गाडीतल्या गिअरबॉक्सच्या तोंडाशी नेमकं जुळवायचं. पूर्वी हे चहा गार व्हायच्या आत व्हायचं, आज अख्खी दुपार गेली. शेवटचा बोल्ट आवळून मिस्त्री फरशीवरच बसले. उठवेना.

कसंबसं उठून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. क्लच दाबून गिअर टाकला तर खरखरला. पुन्हा टाकला, तेच. मिस्त्रींनी ओळखलं, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली क्लचप्लेट उलटी बसली होती. फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे हवी, ती इंजिनकडे गेलेली. ज्या चुकीवरून नवशिक्यांना जन्मभर शिव्या घातल्या, ती नेमकी आज. इंजिन पुन्हा बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला.

"बसलं म्हणून सांगा," बाई हळूच म्हणाली. "उद्या काढू. त्याला काय कळतंय?"

खोटं बोलायलाही अंगात थोडा जोर लागतो. मिस्त्रींकडे तो उरला नव्हता. "प्लेट उलटी घातली मी," ते फोनवर म्हणाले. "परत काढतो. एवढं उरकलं की येतो आम्ही."

हूक लावता लावता बाई थांबली. "आम्ही? मला विचारलंत?"

"अगं, तुझेच गुडघे..."

"गुडघे माझे ना? मग मी बघेन. पैज लावताना विचारलं नाहीत, हरताना विचारलं नाहीत. साखळी ओढायला तेवढी मी."

आपण सांगतो म्हणून ती ओढते, असंच मिस्त्री इतकी वर्षं धरून चालले होते. त्यांना लाज वाटली.

"तुला आवडतं हे?" त्यांनी विचारलं.

"तिकडे जाऊन मी काय ओढू?" ती म्हणाली आणि साखळी खेचू लागली.