न उघडणारा ग्राफ

दिल्लीजवळच्या मानेसरच्या एका कारखान्यात एक बाई अपघातांची नोंद ठेवायच्या. त्यांच्या स्लाइड माझ्या प्रोग्रामने बनवल्या होत्या. सोपं पडतं म्हणून ग्राफांची मी नुसती चित्रं चिकटवली होती; त्यातले आकडे स्लाइडवर बदलता येत नसत.

मीटिंगआधी चष्मा कपाळावर सरकवून बाईंनी त्या महिन्याच्या अपघातांच्या ग्राफवर दोनतीनदा क्लिक केलं.

"भैया, ये खुलता नहीं? तीन नहीं, चार करना है. कल प्रेस मशीन पर एक औरत की उँगली गई."

"अब नहीं बदलेगा, मॅडम," मी म्हणालो. खरं तर दहा मिनिटांचं काम होतं.

त्यांनी माऊस हळूच बाजूला सारला. "अच्छा. मतलब वो गिनती में नहीं आई."

पुढे मी प्रोग्राम बदलला. आता क्लिक केलं की आकडे उघडतात, बदलतात. पण त्या दिवशी मीटिंगमध्ये कारखान्याच्या साहेबांनी "सिर्फ तीन!" म्हणून टाळ्या वाजवल्या, तेव्हा मीही वाजवल्या होत्या.