खाडीपलीकडचे सिंह

आमच्या थोरल्या भावोजींनी आफ्रिका पाहिली ती चार दिवस, आणि आम्हाला दाखवली ती दोन महिने. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. भावोजी नैरोबीला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. लग्न झाल्यावर महिन्याभरात बोटीत बसले, ते सहा वर्षांनी रजेवर दिवेआगरला आले. मधल्या काळात त्यांची बायको, म्हणजे माझ्या जाऊबाई, आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीत सासूबाईंच्या हाताखाली राबत होत्या. मी धाकट्या भावाची बायको. “यंदा आले की नेतील” हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. भावोजी येणार असं कळलं आणि जाऊबाईंनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढून उन्हात ठेवली.

भावोजी आले ते खाकी अर्धी विजार, गुडघ्यापर्यंत मोजे आणि डोक्यावर टोपलीएवढी हॅट घालून. ओटीवरच्या झोपाळ्यावर बसले तरी हॅट काढीनात. आमच्या अंगणात दुपारीसुद्धा ऊन शोधावं लागतं, पण ही हॅट म्हणे सफारीची. सफारी म्हणजे शिकार असणार असं आम्हाला वाटलं. तर तसंही काही नव्हतं. कचेरीतल्या चार-पाच जणांनी मिळून एक गोरा वाटाड्या ठरवला होता. त्याने यांना मोटारीत बसवून आधी वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या दाखवल्या, मग राखीव रानात नेऊन जनावरं दाखवली, आणि चौथ्या दिवशी बिऱ्हाडी आणून सोडलं. एवढ्यावर या माणसाने दोन महिने टेंभा मिरवला.

वाळूच्या टेकड्यांचे फोटो एकामागून एक निघाले. सासूबाईंनी ते चष्मा लावून पाहिले आणि विचारलं, वाळू बघायला इतक्या लांब कशाला जायचं, केवड्याच्या बनापलीकडे हवी तेवढी पडली आहे की. भावोजी आमच्या अडाणीपणाची कीव येऊन हसले. तिथली वाळू म्हणे वाऱ्याबरोबर जागा बदलते. आमची काय एका जागी बसून असते? वैशाखात वारा सुटला की जेवणाच्या पानात तीच, अंथरुणात तीच. पण बोलायचं कोणी? आफ्रिकेहून आलेला मुलगा, त्याच्या तोंडाला लागायची रीत नव्हती.

सिंहाच्या फोटोत गवतच गवत होतं. त्यात एके ठिकाणी भावोजी बोट ठेवायचे आणि म्हणायचे, हा सिंह. बोट उचललं की तिथे काही दिसायचं नाही. तरी बोर्लीपासून माणसं बघायला यायची आणि मान डोलवून चहा पिऊन जायची. ऐकावं ते नवलच. एकदा मासे घेऊन आलेली कोळीण पाटी खाली ठेवून ती कथा ऐकत बसली. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, “मंग तुमी गारीतून खाली उतरलाव का न्हाय?” उतरायला त्या गोऱ्या वाटाड्याची परवानगी नव्हती, असं भावोजींना सांगावं लागलं. मी पदर तोंडाला लावून आत पळाले.

इथवर मला गंमत वाटत होती. पण ट्रंकेचं कोणी काही बोलेना. जाऊबाईंनी नवी लुगडी घडी करून तिच्यात ठेवली होती, मेतकुटाचा डबा भरून ठेवला होता. शेवटी माझ्या नवऱ्याने भावाला विचारलं, वहिनींचं तिकीट कधीचं काढायचं. तेव्हा सिंह कामाला आले. आधी सिंह बिऱ्हाडापासून दोन दिवसांच्या वाटेवर, राखीव रानात होते. त्या संध्याकाळी ते रेल्वेच्या रुळांपर्यंत आले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बंगल्याच्या कुंपणाशी. आठवडा संपेपर्यंत एक सिंहीण यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसली होती. अशा मुलखात बाईमाणसाला कसं न्यायचं, असं म्हणून भावोजी मोठा सुस्कारा सोडत. नाचता येईना अंगण वाकडं.

मला याचा फार संताप यायचा. कारण आमच्या वाडीच्या मागच्या डोंगरातून वाघरू उतरायचं. बिबट्याचं नाव आमच्याकडे तिन्हीसांजेला घेत नाहीत, वाघरू म्हणतात. आदल्या पावसाळ्यात ते गोठ्याशी आलं तेव्हा जाऊबाई एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात रॉकेलच्या डब्याचं झाकण घेऊन गेल्या आणि ते खांबावर आपटून आपटून त्याला घालवून आल्या. परत येऊन त्यांनी भाताची पेज उतू गेली का ते पाहिलं. हिला म्हणे सिंहाचं भय. पण सासूबाईंचा मुलावर विश्वास होता. त्या घाबरल्या. सून घरातून गेली आणि तिकडे तिचं काही झालं तर काय, हा घोर त्यांना लागला.

मग त्यांनीच ठरवलं, देवीला कौल लावायचा. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीचा निकाल असाच होतो. विहीर खणायची असो की सोयरीक जमवायची असो, देवळात जाऊन विचारायचं. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भावोजी हसले, पण चला म्हणाले. नकार मिळाला तर देवीच्या माथ्यावर टाकून मोकळं होता येईल, असं त्यांना वाटलं असणार.

सकाळी आम्ही सगळे देवळात गेलो. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की आई, लेकीला समुद्रापार नवऱ्याच्या घरी जायचं आहे, तिकडे जनावरांचं भय आहे म्हणतात, तिने जावं असं असेल तर उजवी दे. जाऊबाई हात जोडून, डोळे मिटून उभ्या होत्या. मी एरवी असल्या गोष्टींना हसते, पण त्या वेळी मीही हात जोडले. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली.

सासूबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. जाऊबाईंनी डोळे उघडले, पाकळी पाहिली आणि सहा वर्षांत कधी नव्हत्या तशा हसल्या.

भावोजी मात्र तिथेच उभे राहून म्हणाले, “ते सगळं खरं. पण आपल्या देवीचं राज्य खाडीपर्यंत. पलीकडे तिचं काय चालतंय? तिकडची गोष्ट वेगळी.”

गुरवाच्या हातातलं तबक तसंच राहिलं. वडीलधाऱ्यांदेखत जाऊबाई नवऱ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या, तेही शांतपणे.

“आपलं लग्न हिच्याच पुढे लागलं. मग तेही खाडीपलीकडे चालत नाही का?”

साधा प्रश्न होता. हो चालतं, असं म्हणायला किती वेळ लागतो? भावोजींनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, मग देवीकडे, मग कोणाकडेच नाही.

सासूबाईंना सगळ्यांच्या आधी समजलं. आवाज जराही न चढवता त्यांनी विचारलं, “कोण आहे ती?”

भावोजींनी देवीकडे पाठ फिरवली. सासूबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांनी जाऊबाईंचा हात धरला, लग्नाच्या दिवशी उंबरठ्यावर धरला असेल तसाच, आणि पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या, “चल घरी. घर तुझं आहे. तो कुठे जाईल ते तो बघेल.”