कणकेचा गोळा

आज विमान प्रशिक्षण केंद्राच्या मेसमध्ये कणकेचा वास आला आणि लालबागच्या चाळीतली आमची गॅलरी आठवली. वैमानिकाच्या परीक्षेत विमानाच्या तोलाच्या पेपरात दोनदा नापास झाल्यावर मी थर्माकोलचं विमान करून उडवून बघत होते. ते वर जावं म्हणून शेपटीला नाणं चिकटवलं होतं. दरवेळी नाक वर करून ते धपकन खाली चौकात पडायचं. कणीक मळता मळता आई वैतागून बाहेर आली. "शेपूट कसली जड करतेस? आम्ही काडीच्या बाणाला टोकाशी चिखल लावायचो, तेव्हा कुठे तो सरळ जायचा," म्हणत तिने नाणं उपटलं आणि नाकावर कणकेचा गोळा थापला. विमान तरंगत समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या मिरच्यांवर अलगद उतरलं. उद्या मी पहिल्यांदाच एकटीने विमान उडवणार आहे. मघाशी फोनवर आईने एवढंच विचारलं, "नाक जड आहे ना गं?"