पहिल्या ओळीवर श्री

मी एकदा देवाचं नाव घेऊन कॉम्प्युटर बिघडवला आहे.

निवृत्तीनंतर मी घरच्या कॉम्प्युटरवरची जुनी प्रणाली काढून लिनक्स टाकलं. त्यात एक काळी खिडकी असते. तिथे माऊसला कुणी विचारत नाही, हुकूम लिहून द्यावा लागतो. खिडकी उघडली की कॉम्प्युटर आधी सेटिंगची एक फाइल वाचतो आणि त्या फाइलीत आपल्याला आपले हुकूम ठरवता येतात. मी मराठीत ठरवले! 'दाखव' लिहिलं की फायली हजर, 'आवर' लिहिलं की कॉम्प्युटर बंद. (हाच शब्द माझी बायको सुनंदा मला रोज ऐकवते, पण मी इतक्या लवकर आवरत नाही.)

सुनंदाला हे थेर पसंत नव्हते. "रविवारी पुण्याहून दाजी यायलेत. त्यांच्यासमोर चाललं तर ठेवा, नाहीतर पहिलं होतं तसं करून द्या." दाजी म्हणजे माझे साडू, कॉम्प्युटर कंपनीत साहेब. माझी अब्रू आता त्या फाइलीवर होती.

रविवारी सकाळी आमच्या क्रांती चौकातून जिलबीसारखी गोड इमरती आणली आणि फाइलीवर शेवटची नजर टाकायला बसलो. मागून माझे वडील, आबा, डोकावले.

"वर श्री कुठंय?"

"आबा, ही कॉम्प्युटरची फाइल आहे."

"मंग? किराण्याच्या यादीवर लिहितो आपण. अन् एवढ्या कामाला श्री नाय व्हय?"

मलाही पटलं. विषाची परीक्षा कशाला? पहिल्याच ओळीवर श्री लिहिलं, दोन्ही बाजूंना कीबोर्डवरच्या दोन-दोन उभ्या रेघा दिल्या. अगदी लग्नपत्रिकेसारखं दिसत होतं.

जेवणं झाल्यावर दाजींना खुर्ची दिली, खिडकी उघडली आणि ऐटीत लिहिलं, 'दाखव'. असला हुकूम आपण ऐकलेला नाही, असं कॉम्प्युटरने इंग्रजीत कळवलं. 'आवर' लिहिलं. तेही नाही.

"कालपर्यंत चालत होतं," मी म्हणालो.

"तुमचं सगळं कालपर्यंतच चालतं," सुनंदा म्हणाली.

दाजींनी फाइल उघडली आणि ते पहिल्याच ओळीवर थांबले. "या उभ्या रेघांचा इथं वेगळा अर्थ होतो. कॉम्प्युटर इथंच अडखळला, पुढचं वाचलंच नाही त्यानं." त्यांनी श्रीच्या आधी हॅशची (#) खूण घातली. "ही खूण असली की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही."

आबा भडकणार, असं मला वाटलं. ते शांतपणे म्हणाले, "नको वाचू दे. श्री देवानं वाचायचं असतंय."

खिडकी पुन्हा उघडली आणि 'दाखव' चाललं. लिनक्स वाचलं! मी इमरतीचा डबा पुढे केला. सुनंदा मात्र विचारात पडली होती.

"दाजी, ती खूण माणसापुढं लावता येती का?" तिने माझ्याकडे बघत विचारलं.

दाजी हसले. मी हसलो नाही. माझ्यापुढे ती लग्नातच लागली आहे; या घरात माझी एकही ओळ कुणी वाचत नाही.